तिसऱ्या करडाची बाटली



शेळीला सड दोनच. आपल्या उस्मानाबादीला जुळं तर नेहमीचंच, आणि खाण्यापिण्याला चांगली असली की तिळंही होतं. मग दोन दांडगी करडं सड धरून बसतात आणि तिसरं आईच्या पोटाखाली नुसतं डोकं खुपसत फिरतं. चार-पाच दिवसांनी ते कोपऱ्यात गार पडलेलं सापडतं. गावात सगळे म्हणतात, “तिसरं जगत नसतंय.” मला हे काही पटत नाही. त्याच्या वाटणीचं दूध कुणी मोजून ठेवत नाही म्हणून ते जात असतं.

गेल्या डिसेंबरात आमची चांदी रात्री दहाच्या सुमाराला व्याली. दोन बोकड, एक २ किलो ३०० ग्रॅम, दुसरा २ किलो १००. तिसरी पाट, काट्यावर दीड किलो भरली. थंडी मरणाची. चांदी माझी सगळ्यात दुधाळ शेळी, त्यामुळे तिची पाट हातची घालवायची नव्हती.

पहिला वाद चिकावरून झाला. आबा म्हणाले, “जार पडू दे की अगोदर, मग पाज.” आपल्याकडे घरोघरी हीच समजूत आहे. मी म्हणालो, “आबा, करडं सडाला लागली की जार उलट लवकर पडतो, तुम्ही बघाच.” पिल्लू ओढायला लागलं की शेळीचं गर्भाशय आकसतं आणि जार सुटायला मदत होते. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. करडू पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती त्याला मिळत नाही, ती मिळते ती चिकातूनच. आणि चिकातलं हे संरक्षण आतड्यातून रक्तात जायची वाट तासातासाला बंद होत जाते, दिवसभरानंतर जवळजवळ बंदच. जार पडायला सहा तास लागले तर ते सहा तास करडाचे गेले. आबा काही बोलले नाहीत, पण कंदील धरून उभे राहिले.

पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे. दीड किलोच्या पाटीला १५० मिली. मी चांदीचाच चीक पिळला आणि ५०-५० मिली असा तीन वेळा दिला, पहिला अर्ध्या तासात. आईला चीक नसेल किंवा कास सुजली असेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा द्या, तोही नाही मिळाला तर ताज्या व्यालेल्या गाईचा. गरम करायचा तर बाटली कोमट पाण्यात ठेवून. चीक चुलीवर ठेवला की त्याचा खरवस होतो हे आपल्या आयाबायांना सांगायला नको. खरवस झाला म्हणजे त्यातलं औषध गेलं.

अजून एक. करडाच्या तोंडात बोट घालून बघायचं. तोंड गार लागलं तर बाटली लावायची नाही. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि नीट गिळताही येत नाही. अगोदर कोरडं पुसून, पोत्यात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या शेजारी ठेवून ऊब द्यायची. तोंड गरम लागलं आणि बोट चोखायला लागलं की मग चीक.

आता दुधाचं. बरेच जण फोन करून विचारतात, पावडर कुठली आणू? वासरांची पावडर आमच्या तालुक्याला मिळते, करडांची मिळत नाही. म्हणून मी घरचंच जमवलं. शेळीच्या दुधात साधारण साडेचार टक्के फॅट धरा. संकरित गाईच्या दुधात साडेतीन, म्हशीच्या सातच्या आसपास. नुसतं गाईचं पातळ पडतं, नुसतं म्हशीचं लहान पोटाला जड जातं. दोन वाट्या गाईचं आणि एक वाटी म्हशीचं एकत्र केलं की हिशेब साडेचारच्या जरा वर जातो. एवढंच माझं मिश्रण. उकळून, कोमट करून, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. गावात म्हैस नसेल तर पिशवीवरचं वाचा: टोन्डमध्ये ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, फुल क्रीममध्ये ६. करडाला मधली पिशवी. एकदा जे सुरू केलं ते रोज बदलायचं नाही, आज गाईचं, उद्या पिशवीचं केलं की हगवण ठरलेली.

ह्यात कुणी गूळ घालतं, कुणी साखर, कुणी गव्हाच्या पिठाची पेज. माया असते, पण साखर आणि गूळ पचवायची सोय करडाच्या आतड्यात नसते, ते तसंच पुढे जातं आणि हगवण लागते. पिठाचंही पहिल्या आठवड्यांत तेच. अंडं आणि एरंडेलाची एक कृती फिरत असते, मी घालत नाही. ताकद यायची तर ती दुधातूनच येते.

बाटली साधी, अर्ध्या लिटरची, वर रबरी बोंडी. उलटी केल्यावर थेंब थेंब पडला पाहिजे, धार नको. करडू उभं, मान वर ताणलेली, जसं आईखाली पितं तसं. असं चोखलं की दूध रवंथाचं पोट टाळून सरळ चौथ्या पोटात उतरतं. वाटीनं घशात ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती, आणि मग दोन दिवसांत घरघर. बाटली-बोंडी दर वेळी गरम पाण्यानं, आळस न करता.

पहिल्या आठवड्यात दिवसाला २५० मिली, पाच वेळा विभागून. दुसऱ्यात ४००, तिसऱ्यात ५००, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत ६००, तेव्हा तीन वेळाच. पिल्लू ओरडतं म्हणून जास्त द्यायचं नाही. भुकेलं करडू मी बघू शकतो, फुगलेलं नाही. एकदम जास्त दुधावर आंत्रविषार झाला तर धडधाकट पिल्लू सकाळी मेलेलं दिसतं. पंधराव्या दिवसापासून शेवरीचा आणि लसूणघासाचा पाला डोक्याच्या उंचीवर टांगला, स्वच्छ पाणी कायम. सातव्या आठवड्यापासून दूध कमी करत नवव्याअखेर बंद. मधे एकदा पातळ हगली तेव्हा एक वेळचं दूध कमी केलं, ओआरएस दुधात न कालवता वेगळं पाजलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

वहीतला हिशेब: एकूण साधारण २७ लिटर दूध, मला सरासरी ४० रुपयांनी पडलं, म्हणजे १,०८० रुपये. दूध तोडताना पाट साडेसहा किलो, भाऊ ७ किलो २०० आणि ७ किलो. तेवढ्या पिल्लाला बाजारात काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वहीत न लिहिलेली गोष्ट म्हणजे रात्री अकराची आणि पहाटे पाचची बाटली. पहाटेची माझ्या आईनं सांभाळली, दोन महिने, एक दिवस न चुकता. विकायचा बोकड असता तर मी इतकी उस्तवार केली असती का, सांगता येत नाही. तसंही बाटलीवरचा बोकड माणसाला आपल्यातलाच समजतो आणि मोठा झाला की मागून ढुशी देतो.

ह्या डिसेंबरात चार शेळ्या व्यायच्या आहेत. त्याआधी व्यालेल्या दोघींना एकेकच करडू झालं, त्यांचा उरलेला चीक छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलाय, प्रत्येकीवर तारीख टाकून. पाच बाटल्या झाल्यात. आई म्हणते, आता बर्फाला जागा नाही.