पाठीवरचे इंधन आणि पोटातले इंधन

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या फाटकावर, गळिताचा हंगाम ऐन भरात असताना, वजनकाट्याची पावती हातात धरून उभ्या असलेल्या एका वयस्क टँकरचालकाने मला जो प्रश्न विचारला, तो इंजिनांच्या चाचण्या घेण्यात उभी हयात घालवूनही मला कोणत्याच परिसंवादात कोणी विचारला नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "पाठीवर ईस हजार लिटर इथेनॉल घेऊन निघालोय, आणि गाडीला डिझेल मात्र पंपावरनं इकत घालायचं. ह्यातलंच थोडं टाकीत वतलं तर काय बिघडतंय?" परवान्यावर शिक्का पडला होता, मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले होते, सबब "मामा, गाडी चालायची नाही," एवढेच मी म्हणालो. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. त्याची सविस्तर कैफियत येथे सादर करीत आहे.

इंजिनांची मुख्य घराणी दोन. १८७६ मध्ये निकोलाउस ओटो यांनी सिद्ध केलेल्या चार ठोक्यांच्या इंजिनाची परंपरा चालविणाऱ्या पेट्रोल इंजिनात, हवा आणि इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडेपर्यंत त्या मिश्रणाने आपण होऊन पेट घेऊ नये, अशी अपेक्षा असते. या संयमाचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी यशस्वी केलेल्या दुसऱ्या घराण्यात ठिणगीला मुळी स्थानच नाही. तेथे केवळ हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबून तप्त केली जाते, आणि तीत फवारलेल्या इंधनाने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता तत्काळ पेटावे, असा तेथला दंडक आहे. या तत्परतेचे माप म्हणजे सीटेन अंक. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास, म्हणजे उत्तम पेट्रोलाहूनही सरस. परंतु आपल्याकडील डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो, तेथे इथेनॉलचा जेमतेम ८ भरतो. त्यातच बाष्प होताना ते इतकी उष्णता शोषून घेते की तापलेली हवाच निवते, आणि ते पेटण्याचे मनावर घेईपर्यंत दट्ट्या खाली निघून गेलेला असतो. जो गुण एका दरबारात इनामास पात्र ठरतो, तोच दुसऱ्या दरबारात अपराध ठरावा, असा हा प्रकार आहे.

यावर कोणी अमेरिकेत इथेनॉलवर धावणाऱ्या ट्रकांचा दाखला देईल; पण तेथे ज्याला ट्रक म्हणतात ती बहुधा पेट्रोलवर चालणारी पिकअप गाडी असते. म्हणूनच तेथील काही ट्रक 'ई-८५' नावाच्या, निम्म्याहून अधिक इथेनॉल असलेल्या इंधनावर खुशाल धावतात. पण सगळे नव्हेत. एक किलो पेट्रोल पुरते जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलास अवघी ९. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन सोडणारे इंजेक्टर आणि मिश्रणाची जात ओळखून प्रमाण बदलणारी संगणकीय यंत्रणा हवी. शिवाय टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा प्रत्येक भाग इथेनॉलशी सलोख्याने राहणारा हवा. साध्या रबराची एक ओ-रिंग मी एकदा इथेनॉलमिश्रित पेट्रोलाच्या बाटलीत काही आठवडे बुडवून ठेवली होती; बाहेर काढली तेव्हा ती फुगून अशी लिबलिबीत झाली होती की आपल्या खाचेत पुन्हा बसेना, आणि शेजारच्या बाटलीतली फ्लुओरोरबराची रिंग मात्र होती तशी होती. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीस जे इंधन मानवते ते दुसरीस का मानवू नये, याचा दाखला त्या दोन बाटल्यांत होता.

आता "थोडं वतलं तर" या पोटप्रश्नाकडे वळू. मोजपात्रात डिझेल घेऊन त्यात निर्जल इथेनॉल मिसळले, तर उबदार हवेत ते विरघळल्यासारखे दिसते. पण वरून थोडे पाणी सोडताच पात्र दुधाळ होते, आणि पाहता पाहता दोन द्रवांमध्ये स्वच्छ रेघ उमटते. टाकीत असेच झाले तर पंपाच्या वाट्याला कधी एक थर येईल, कधी दुसरा. आणि त्या पंपाचे वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. इथेनॉलात ती स्निग्धता नसल्यामुळे प्लंजरवर ओरखडे पडण्यास वेळ लागत नाही. याहून गंभीर गोष्ट टाकीतल्या रिकाम्या जागेची. डिझेलची वाफ तेथे पेटण्यास फार विरळ असते, पेट्रोलची फार दाट. इथेनॉलची मात्र आपल्या नेहमीच्या हवामानात नेमकी पेट घेण्याजोगी असते, म्हणून त्या टाकीला ज्वालारोधक जाळीचा बंदोबस्त करावा लागतो.

मग अवजड वाहन इथेनॉलवर चालणे अशक्यच आहे काय? नाही. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने दाबाने पेटणारेच इंजिन त्यासाठी घडविले, स्टॉकहोमच्या रस्त्यांवर त्याच्या बसगाड्या वर्षानुवर्षे धावल्या, आणि २०१४ मध्ये तशी एक बस आपल्या नागपुरातही प्रवासी घेऊन फिरू लागली. परंतु त्यासाठी संपीडनाचे प्रमाण २८ पर्यंत चढवावे लागले; इंधनात ९५ टक्के इथेनॉलाबरोबर प्रज्वलनास साहाय्य करणारे द्रव्य घालावे लागले; आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा डिझेलच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असल्याने पंप व नोझल दोन्ही मोठे करावे लागले. तात्पर्य, इंधनासाठी इंजिन घडविले गेले. असलेल्या इंजिनाच्या गळी इंधन उतरविले गेले नाही.

ते टँकरचालक पुन्हा भेटले तर त्यांना सांगेन, मामा, तुमच्या पाठीवरचा माल तेल कंपनीच्या डेपोत जाऊन पेट्रोलातच मिसळायचा आहे, कारण त्याचे गोत्र ठिणगीच्या घराण्याशी जुळते. तुमच्या गाडीचे घराणे निराळे. बॉनेटखालचे इंजिन बदलेल त्या दिवशी टाकीतले इंधन बदला. तोवर झाकणावर जे लिहिले आहे, तेच आत घाला.