पाणी काढणारा पंप

जगात पंप दोन जातींचे असतात. पाणी आणणारे आणि पाणी काढणारे. आपला सगळा जन्म पहिल्या जातीच्या सेवेत जातो. पहाटे चारला उठावं, बटण दाबावं, पंपानं घुर्रर्र करून गप्प बसावं आणि मग शेजाऱ्यांनी उघड्या अंगानं जमून निदान करावं. एक म्हणतो, हवा धरली. दुसरा म्हणतो, फूटव्हॉल्व्ह गेला. तिसरा म्हणतो, टाकीत पाणीच नाही. तिसऱ्याचं बहुधा बरोबर असतं, म्हणूनच त्याचं कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या जातीचा पंप मला मालगुंडात भेटला. मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारचं गाव. पुळ्याला देव आहे म्हणून गर्दी तिकडे आणि मालगुंडला कवी आहे म्हणून शांतता इकडे. केशवसुत १८६६ साली जन्मले ते इथं. कोकण मराठी साहित्य परिषदेनं १९९४ मध्ये त्यांचं स्मारकही इथंच उभं केलं. ते पाहून बाहेर पडलेला माणूस आपोआप समुद्राकडे वळतो, आणि समुद्राकडे वळला की तांडेलमामांच्या तावडीत सापडतो. मामांना सगळा गाव मामा म्हणतो, फक्त त्यांचे खरे भाचे सोडून. ते घाबरून काहीच म्हणत नाहीत.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मामांची लाकडी बोट झावळ्यांखाली दोन महिने विश्रांती घेऊन बसली होती. माणसं पावसाआधी घराची आगोट करतात. मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवतात. मामा पावसानंतर बोटीची आगोट करतात. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते स्वतः समुद्रात जात नाहीत. दोन मुलगे जातात. त्यामुळे तयारीचा जोर मात्र दुप्पट झाला आहे. जो स्वतः जातो तो देवावर भरवसा ठेवतो. जो मुलांना पाठवतो तो देवाचेही नटबोल्ट तपासून घेतो.

मामांनी मला बोटीच्या तळाशी उतरवलं. तिथं नारळाएवढा एक पंप बसला होता. त्याच्या शेजारी एक तरंगतं बोंडूक. तळात पाणी साचलं की ते वर उचललं जातं आणि पंप आपणहून सुरू होतो. पाणी उतरलं की आपणहून बंद.

"म्हणजे काळजीच मिटली!" मी म्हणालो. पाहुण्यानं काहीतरी म्हणावं लागतं.

"काळजी तिथनंच सुरू होते, भाऊ," मामा म्हणाले. "हा पंप मोठा गुणी हाय. गुपचूप काम करतो. आता मला सांगा, तो गुपचूप पाणी काढत राह्यला तर बोटीला भोक पडलंय ता कळणार कधी?"

"कधी?"

"बॅटरी संपल्यावर!"

तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणारी नळी असते. तिची पट्टी गंजली आणि बोट जयगडच्या बाहेर असताना नळी सुटली. पंप इमानदारीनं चालू होता, म्हणून कोणाला पत्ताच नाही. धाकटा चहाचा स्टो घ्यायला खाली उतरला आणि घोट्यापर्यंत भिजला. तोवर आलेलं पाणीही एका जागी बसलेलं नव्हतं. बोटीतल्या पाण्याचा स्वभाव पुढाऱ्यासारखा असतो. जिकडे झुकाव दिसेल तिकडे ते धावतं आणि झुकाव आणखी वाढवतं.

मामांनी मला त्यानंतर जे गणित घातलं ते चौथीच्या हौदाच्या गणितासारखं होतं. फरक इतकाच, की या हौदात मुलं बसलेली असतात. पाण्याच्या पातळीखाली हातभर खोल, चार सेंटिमीटर रुंदीचं भोक. त्यातून मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं, म्हणजे दहा लिटरच्या चौदा बादल्या. पंपावर लिहिलेलं असतं, तासाला ५०० गॅलन. वाचताना ऊर भरून येतो. मिनिटाचा हिशेब केला की होतात तीन बादल्या. त्याही पाणी वर चढवायचं नसेल, नळी लांब नसेल आणि बॅटरी भरलेली असेल तर! आत चौदा, बाहेर तीन. उरलेल्या अकरा कोणी उपसायच्या? शिवाय भोक दुप्पट रुंद झालं की पाणी दुप्पट नाही, चौपट येतं. पंप टायटॅनिकवरसुद्धा होते, आणि १९१२ च्या त्या रात्री ते चालूही होते.

"म्हणून पयलं भोक बुजवायचं. पंप त्याच्या मागनं," मामा म्हणाले.

त्या दिवशी मुलांनी नळीच्या तोंडाची चावी बंद करायला घेतली, तर ती गंजून ब्रह्मस्थितीला गेलेली. चावी रोज लागत नाही म्हणून कोणी फिरवत नाही, आणि फिरवत नाही म्हणून लागेल त्या दिवशी फिरत नाही. शेवटी कापड गुंडाळून एक लाकडी बूच ठोकलं, बादल्यांनी पाणी उपसलं आणि दुसऱ्या बोटीनं दोर टाकून ओढत आणलं. घरी मामा ओटीवर आणि मामी दारात. फयान वादळाचा नोव्हेंबर २००९ दोघांनाही आठवत होता. ते त्या संध्याकाळी एकमेकांशी काय बोलले हे मी विचारलं नाही. बहुतेक काहीच बोलले नसावेत.

आता बोटीच्या प्रत्येक भोकाशेजारी त्याच्याच मापाचं बूच दोरीनं बांधलेलं आहे, जसं काही बारशाला बाळाच्या कमरेला करगोटा. प्रत्येक नळीवर एकाऐवजी दोन पट्ट्या. चाव्या महिन्यातून एकदा उघडझाप करायच्या. बॅटरी तळातून उचलून वर बसवली, कारण पाण्यात बुडालेली बॅटरी पंपाला काय चालवणार? पंपाच्या तोंडाला जाळी. तिच्यात मासळीचे खवले, विड्यांची थोटकं आणि एकदा धाकट्याचा हरवलेला पायमोजा निघाला. वर हातानं मारायचा दुसरा पंप, आणि त्यावर दोन बादल्या. घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीसारखा पंप अजून निघायचा आहे, असं मामांचं मत.

थेंबभरही पाणी नको, असा मात्र त्यांचा हट्ट नाही. मागचा पंखा फिरवणारा दांडा जिथून बाहेर जातो तिथलं दोरीचं पॅकिंग चालताना थोडं ठिबकायलाच हवं. फार आवळलं तर दांडा तापतो. मात्र तळात पाणी दिसलं की मामा आधी बोट बुडवून चाखतात. गोड लागलं तर पावसाचं, खारट लागलं तर समुद्राचं. डिझेलचं लागलं तर त्या दिवशी चहा नको म्हणतात.

मुलांची परीक्षाही असते. डोळ्यांवर फडकं बांधून बोटीत उतरवायचं आणि विचारायचं, "इंजिनाच्या नळीचं बूच खंय?" भोकं काही उजेड बघून पडत नाहीत. थोरला पहिल्या झटक्यात पास होतो. धाकट्याचा हात एकदा माझ्या नाकावर आला, पण तो मी अभ्यासक्रमात नव्हतो म्हणून.

सगळ्यात वरचा मान भोंग्याचा. पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर चढलं की दुसरं बोंडूक उचलतं आणि भोंगा असा काही किंचाळतो, की झोपलेलं इंजिनसुद्धा उठून बसेल. बोटीवर आता एक दिवाही आहे. पंप चालू झाला की तो लागतो, आणि दिवसात किती वेळा लागला याच्या खडूच्या रेघा फळीवर मारायच्या. काल चार होत्या आणि आज अकरा झाल्या, तर बंदर सोडायचं नाही. ज्या गावानं मराठीला 'तुतारी' दिली त्या गावच्या बोटीनं मुक्यानं बुडावं, हे मामांना पटत नाही. त्यांनी ती कविता वाचली आहे की नाही, ठाऊक नाही. भोंगा मात्र त्यांनी तीन दुकानं फिरून, वाजवून वाजवून घेतला.

रोज संध्याकाळी पाचला भोंग्याची चाचणी होते. वाडीतली कुत्री त्याच्या सुरात सूर मिसळतात, माडावरचे कावळे उडतात. मी मामींना विचारलं, "याचा त्रास नाही होत?"

"समुद्रात वाजला तर मला थोडाच ऐकू येणार हाय?" मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "हितं वाजलेला ऐकला म्हंजे रातीची झोप लागते."