नाव नसलेले पुतळे

पुतळा म्हटला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न निघतो तो वर्गणीचा आणि दुसरा चेहऱ्याचा. आम्ही पोटासाठी कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात समाजकार्य. त्यामुळे पुतळा समितीच्या बैठका, पावतीपुस्तके, जमाखर्च (बी. कॉम. झाल्याची शिक्षा म्हणून हिशेब नेहमी आमच्याच गळ्यात!) आणि शिल्पकाराच्या कारखान्यातल्या फेऱ्या, या सगळ्यांतून आम्ही गेलो आहोत. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, मातीचा नमुना पसंत पडला की प्लास्टरचा साचा आणि मग ब्राँझचे ओतकाम, असा तो क्रम असतो. मातीचा नमुना पाहायला समितीचे दहा-बारा जण जातात आणि सगळे फक्त चेहरा पाहतात. नाक जरा बसके वाटते, चष्मा खाली आला, कपाळ आणखी रुंद हवे. शिल्पकार बिचारा मान हलवत माती लावतो, माती काढतो. त्यात गैर काही नाही. ज्या महामानवाचा पुतळा, त्याचा चेहरा जमलाच पाहिजे.

पण ज्यांना कोणी ओळखत नाही, ज्यांच्या जयंतीची वर्गणी कधी निघणार नाही, अशा माणसांचे पुतळे कोणी घडवले आहेत काय? आणि घडवले असतील तर त्यांत पाहायचे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला २०१७ साली शांतिनिकेतनात मिळाले. ज्यांच्यामुळे मिळाले त्या रामकिंकर बैज यांच्याविषयी आपल्या कुटुंबांतून फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

रामकिंकर १९०६ साली बंगालमधल्या बांकुडा येथे एका नाभिकाच्या घरात जन्मले. घरचे मूळ आडनाव परामाणिक. घरात पैसा नाही आणि कलेची परंपरा म्हणावी तशीही नाही. गावात मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांच्या दारात बसून हा मुलगा माती हाताळायला शिकला. असहकाराच्या चळवळीत पुढाऱ्यांची चित्रे रंगवू लागला. ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय हे बांकुड्याचेच. त्यांनी ती चित्रे पाहिली आणि १९२५ साली या मुलाला शांतिनिकेतनच्या कलाभवनात, नंदलाल बसूंच्या हाताखाली धाडले. रामकिंकर तेथेच शिकले, तेथेच शिक्षक झाले, शिल्पकला विभागाचे प्रमुख झाले आणि १९७१ साली तेथूनच निवृत्त झाले. म्हणजे बदली नाही की बढतीसाठी खटपट नाही. आम्हा नोकरदारांना हेवा वाटावा असेच.

आम्ही एलटीसी घेऊन सहकुटुंब बुद्धगयेला गेलो होतो. सोबत आई होती. परत फिरायच्या आधी कोलकाता पाहू असे ठरले, आणि कोलकात्याहून बोलपूर रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे असे कळल्यावर आमच्या पत्नीने आग्रह धरला. स्टेशनावरून टोटोने (आपली बॅटरीची रिक्षा, तिला तिकडे टोटो म्हणतात) कलाभवनाकडे गेलो. तेथे झाडांमध्ये ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभे आहे. रामकिंकरांनी ते १९३८ साली घडवले.

उभे आहे असे आम्ही लिहिले खरे, पण ते चाललेले आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, कावडीच्या पारड्यात पोर बसले आहे. शेजारी बाई, तिच्या डोक्यावर संसाराचे ओझे. पायाशी कुत्रे. सगळे बिऱ्हाड कामाच्या शोधात दुसऱ्या गावाला निघाले आहे. संथाळ हे आदिवासी. बोलपूरच्या आसपास शेतावर आणि भाताच्या गिरण्यांत राबायला येणारी ही माणसे रामकिंकर रोज पाहात होते. त्यांना उंच चौथरा दिलेला नाही. जमिनीपासून थोडेसेच वर, आपल्याच वाटेने आल्यासारखे ते येतात. मान वर करून पाहावे लागत नाही आणि हार घालायची सोयही नाही.

आम्ही लांबून दगडाचे शिल्प असावे असा अंदाज बांधत होतो. आई म्हणाली, “दगूड कुठला? काँक्रीट हाय हे.” आणि ते काँक्रीटच होते. बीरभूम जिल्ह्याची जमीन लाल, मुरमाड. रामकिंकरांनी तोच मुरूम, म्हणजे जांभ्या दगडाचे खडे, सिमेंटमध्ये कालवले आणि लोखंडी सांगाड्यावर हाताने थापून, मारून ही माणसे उभी केली. ब्राँझला पैसे कुठून आणणार? परंतु तेवढेच कारण धरले तर या माणसाच्या बुद्धीवर अन्याय होईल. त्या खडबडीत अंगाला हात न लावताही खडे टोचतात. जी माती ही माणसे आयुष्यभर उपसत होती तिचेच त्यांचे अंग झाले आहे. गुळगुळीत संगमरवरात हे साधले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कलेतील जाणकार या शिल्पाला भारतातील पहिले आधुनिक सार्वजनिक शिल्प मानतात, आणि ते कोणी राजाने, कंपनीने किंवा समितीने मागवलेले नव्हते.

आईने काँक्रीट ओळखले याचे आश्चर्य वाटायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आई बांधकामावर घमेली वाहू लागली. आम्ही तेव्हा तीन वर्षांचे. ती सांगते की खडीच्या ढिगाच्या सावलीला आम्हाला रिकाम्या घमेल्यात बसवून ठेवायची, म्हणजे रांगत-पळत कुठे जायला नको.

कावडीतल्या पोराकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पोर जड झालं की उतरंल आन् पायी चालंल.” थोड्या वेळाने तिने विचारले, “ह्यांची नावं काय रं?” आम्ही सांगितले, नावे नाहीत. “मग वळखायचं कसं?” आम्ही उत्तर शोधत होतो तोवर तिनेच सांगून टाकले, “चालण्यावरनं.”

आमच्या समितीच्या दहा-बारा जणांनी इतक्या वर्षांत मातीच्या नमुन्याचे पाय कधी पाहिले नव्हते.

शिल्पातील चालणाऱ्या बाईला आपल्याकडेही जुनी परंपरा आहे. जे. जे. स्कूलचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतील तरुणी. नऊवारीची एकेक चुणी पाहावी अशी. तिच्यामुळे भारतीय शिल्पकाराचे नाव झाले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र ती ज्या वाटेने निघाली ती वाट आमच्या आज्या-पणज्यांना बंद होती, हे तिच्याकडे पाहताना विसरता येत नाही. संथाळ बाईची वाट त्यांना चांगलीच ठाऊक होती.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. १९५९ सालचे. चार पुरुष मिळून एक प्रचंड शिळा हलवत आहेत. याच किनाऱ्यावर १९२३ साली सिंगारवेलर यांनी देशातला पहिला कामगार दिन साजरा केला होता, म्हणून जागेलाही मोल आहे. आम्ही ते फोटोतच पाहिले. जोरकस आहे, स्नायू न् स्नायू पिळदार. पण खरे सांगायचे तर असे शरीर आमच्या नात्यागोत्यात एकाही कामगाराचे नव्हते. अर्धपोटी माणसाचे दंड असे फुगत नाहीत. शिवाय चौघांत बाई एकही नाही. श्रमाचा विजय झाला तेव्हा बाया कुठे गेल्या होत्या?

त्या बाया रामकिंकरांच्या १९५६ सालच्या शिल्पात आहेत. इंग्रजीत त्याचे नाव ‘मिल कॉल’, बंगालीत गिरणीची बासरी अशा अर्थाचे. आपण मुंबईकर त्याला दुसरे नाव देऊच शकत नाही: भोंगा! भाताच्या गिरणीचा भोंगा झाला आहे आणि दोन संथाळ बाया पळत सुटल्या आहेत. आंघोळ उरकली, पण लुगडे वाळायला वेळ नाही. ओले कापड वाऱ्यावर धरून पळता पळताच वाळवीत चालल्या आहेत. मागे एक पोर धावते आहे. तेच मुरूम-सिमेंट, पण येथे त्याला वारा लागला आहे. इतका जड पदार्थ हवेत कसा फडफडतो हे पाहायला आम्ही शिल्पाभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्या बाया दमलेल्या नाहीत, दीनवाण्या तर मुळीच नाहीत. कदाचित हसतही असतील. कामाला उशीर झाला तर खाडा पडणार ही भीती आणि सकाळच्या वाऱ्याची मौज, दोन्ही एकाच पावलात आहे. कष्टकऱ्यांवर लिहिणारे-बोलणारे आम्ही लोक बहुधा यातले एकच पाहतो. आमचीही भाषणे आठवून पाहिली, तर त्यांत वारा कुठेच नाही.

आमच्या पत्नीला मात्र तिसरेच शिल्प आवडले, ‘सुजाता’. १९३५ सालचे. उंच निलगिरीच्या झाडांमध्ये त्यांच्यासारखीच उंच, सडपातळ मुलगी. रामकिंकरांनी आधी नुसतीच एक मुलगी घडवली होती. नंदलालबाबूंनी तिच्या डोक्यावर पात्र ठेवायला सुचवले आणि ती तथागतांना खीर घेऊन निघालेली सुजाता झाली. त्याच परिसरात रामकिंकरांची बुद्धमूर्तीही आहे. आपल्या घरांतील कॅलेंडरवरची सुजाता दागिन्यांनी मढलेली, गोरीपान असते. आदल्याच आठवड्यात बुद्धगयेत तशी चित्रे आम्ही विकतही घेतली होती. ही सुजाता वेगळीच. पत्नी म्हणाली, “ही खरंच गावातून चालत आल्यासारखी वाटते.” आता घरात कॅलेंडरच्या शेजारी हिचाही फोटो आहे. दोघींचे बरे चालले आहे.

रामकिंकरांचे मोठे सरकारी काम म्हणजे दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातील यक्ष आणि यक्षी. ते काम लांबत लांबत १९६७ साली पुरे झाले. यक्षाच्या हाती यंत्राचे चाक आणि पैशाची थैली आहे. यक्षीला वस्त्र नाही म्हणून संसदेत प्रश्नही विचारला गेला. आम्हाला त्या दोघांत तेवढा जीव वाटत नाही. बँकेच्या दारात उभे राहायचे म्हणजे अंग आवरूनच उभे राहावे लागते.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण राहणे साधे, डोक्यावर गवताचे छप्पर. ऋत्विक घटक यांनी १९७५ साली त्यांच्यावर माहितीपट काढायला घेतला. १९७६ साली घटक वारले आणि तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. त्यात रामकिंकर सांगतात की पावसात छप्पर गळू लागले तेव्हा स्वतःची तैलचित्रे वर लावून त्यांनी पाणी अडवले. २ ऑगस्ट १९८० रोजी ते गेले. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

इतक्या लांब सगळ्यांना जाणे होत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पाहायचे तर अलिबागजवळ सासवणे येथे विनायकराव करमरकरांचे शिल्पालय आहे. पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच. पण तेथे कोळी माणसेही आहेत. एका रविवारी मुलाबाळांना घेऊन जाण्यासारखे. मुलांना एवढेच सांगावे की आधी पाय बघा, चेहरा नंतर.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही ‘मिल कॉल’चा फोटो मोठा करून लावला आहे. लावला त्या दिवशी पाचवी-सहावीची पोरे जमली आणि पहिलाच प्रश्न आला, “काका, भोंगा म्हणजे काय?” या मुलांनी तो कधी ऐकलेलाच नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, त्यांना भोंगा नसतो. आम्ही समजावून सांगू लागलो, पण ते काही त्यांच्या डोक्यात शिरेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी, ज्यांनी पंचवीस वर्षे गिरणीत काढली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि खोल छातीतून तो आवाज काढला. पोरे खिदळली. आजींनी पुन्हा काढला, या वेळी लांबवून. बाहेर भाजी निवडत बसलेल्या दोघी म्हाताऱ्या कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.