आतली कडी

आमच्याकडे कुत्र्याला बोलवायचं ते ‘यू यू’ करून आणि हाकलायचं ते ‘हाड’ म्हणून. गेल्या एप्रिलात एक पिल्लू आमच्या ओट्याखाली येऊन बसलं आणि मी त्याला दिवसातून दहादा ‘हाड’ म्हणाले. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, की मी ‘हाड’ म्हटलं की ते शेपूट हलवत जवळ येतंय. त्याच्याकडे बघून, रोज, न चुकता कुणी उच्चारलेला तो एकच शब्द होता. त्याला ते आपलं नाव वाटलं होतं. उगारलेला हात मी खाली घेतला. पण त्याला ओट्यावर चढू दिलं नाही.

ते कुठून आलं हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. अकोले तालुक्यात प्रवरेकाठी आमची वस्ती, चहूबाजूंनी ऊस. दिवाळी सरली की बीडकडच्या, पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बांधाकडच्या पडीक तुकड्यावर कोप्या घालतात, आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की एका रात्रीत उठून जातात. मागे तीन दगडांच्या चुली राहतात, फाटकं प्लास्टिक राहतं, बैलांच्या खुंट्यांची भोकं राहतात. त्या वर्षी एका चुलीच्या राखेत हे पिल्लूही राहिलं. राख गार झाली तरी दोन दिवस ते तिथंच निजत होतं. मी लांबून बघायचे आणि त्या माणसांना मनातल्या मनात बोल लावायचे. बैल नेले, शेळी नेली, कोंबड्यासुद्धा डालग्यात घालून नेल्या, आणि एवढासा जीव तेवढा जड झाला.

मला मात्र कुत्रं नको होतं. त्याचं कारण आमच्या गोठ्यातल्या खुंटीला अजून टांगलेलं आहे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासऱ्यांचा मोती होता. रात्री त्याला गोठ्याच्या तोंडाशी साखळीनं बांधत. माघातल्या एका रात्री तो एकदाच ओरडला. आम्ही कंदील घेऊन बाहेर येईपर्यंत साखळी ताणून पडलेली होती आणि पट्टा तुटलेला होता. सकाळी सासूबाई म्हणाल्या, “शेळ्या वाचल्या, देवाची कृपा.” त्या कठोर नव्हत्या. मोतीला त्या रोज शेवटच्या पिठाची चानकी करून घालत. पण कुत्रं कशासाठी ठेवायचं याचा हिशेब त्यांच्या पिढीत स्पष्ट होता. मोतीला साखळी नसती तर तो पळाला असता, हे मी बोलले नाही. नवी होते. साखळी धुऊन खुंटीला अडकवली आणि या घरात पुन्हा कुत्रं येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. मुलं लहान असताना त्यांनी किती वेळा हट्ट केला, तरी ते मोडलं नाही.

आम्हाला जे अंगणात कळलं होतं ते पुढं अभ्यासातूनही कळलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच तालुक्यात बिबट्यांची विष्ठा गोळा करून तो काय खातो हे तपासलं. २०१४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या, वासरं, मांजरं, सगळी माणसाच्या आधारानं जगणारी जनावरं मिळून ८७ टक्के. म्हणजे आमचा बिबट्या जंगलावर जगतच नाही, तो आमच्या ओसरीवर जगतो. उसात त्याची पिल्लं जन्मतात, उसातच वाढतात. मला त्याचा राग नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बिबट्या माळशेज घाटात नेऊन सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ‘आजोबा’ नाव पडलं त्याचं. तो रस्ते, रूळ आणि वस्त्या ओलांडत गेला आणि त्यानं माणसाला त्रास दिला नाही, हे वाचून मला भरून आलं होतं. पण बिबट्याचं कौतुक करायचं आणि त्याच्या वाटेवर आपल्या हातानं कुत्रं बसवायचं, हे मला जमणारं नव्हतं. जे पिल्लू ओट्याखाली झोपतं ते आज ना उद्या जाणार. त्याला भाकरी घालून, नाव ठेवून मग त्याच्या जाण्याची वाट बघत बसायचं?

म्हणून मी भाकरी घालत नव्हते. घालत होते ते आमचे हे. सकाळी धार काढायला जाताना यांच्या सदऱ्याच्या खिशात चतकोर असायची, ते मला दिसायचं आणि मी काही बोलायची नाही. पिल्लाच्या कानांत गोचिडांचे गुच्छ होते, ते यांनी एक दुपारभर बसून काढले. “मी काही पाळलं नाही गं,” म्हणाले, “नुसते गोचीड काढतोय.”

आमच्याच जिल्ह्यातली, शिर्डीची एक गोष्ट हेमाडपंतांच्या साईसच्चरितात आहे. साईबाबा भूक लागली म्हणाले म्हणून लक्ष्मीबाई शिंदे घाईनं घरी जाऊन ताजी भाजी-भाकरी करून घेऊन आल्या, आणि बाबांनी ती सगळी एका कुत्र्यापुढं ठेवली. कुत्र्याची भूक ती माझीच भूक, असं त्यांनी पुढं सांगितलं. कीर्तनात सगळे त्या उत्तराशी पोचायची घाई करतात. मला त्याच्या आधी लक्ष्मीबाईंनी विचारलेला प्रश्न जवळचा वाटतो. एवढी धावपळ करून आणलं, आणि तुम्ही चवही न घेता कुत्र्याला घातलंत? चुलीपुढं बसलेल्या बाईचा तो प्रश्न आहे. भाकरी मोजून केलेली असते. एक तोंड वाढलं की पीठ वाढतं, आणि पिठाच्या मागोमाग काळजी वाढते.

त्या दिवसांत मी मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ची देवनागरीत छापलेली प्रत पुन्हा काढली. शाळेत शिकवत असताना मुलांची सहल नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेली होती, तेव्हापासून ते पुस्तक मजजवळ आहे. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना त्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे सगळे सांगतात. आझादांनी तिथं पत्रं लिहिली, जी पाठवता येणार नव्हती, आणि त्यांतलं एक लांबलचक प्रकरण चिमण्यांचं आहे. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. सगळीकडे काड्या, कचरा, अखंड चिवचिवाट. आझादांनी त्यांच्याविरुद्ध अक्षरशः लढाई पुकारली. हाकललं, पुन्हा आल्या, पुन्हा हाकललं. शेवटी ते थकले आणि तह केला. तांदळाचे दाणे टाकायला लागले. आधी लांब, मग जवळ, मग हातावर. पुढं त्यांनी चिमण्यांना नावंही ठेवली. याच मुक्कामात, १९४३च्या एप्रिलात, त्यांच्या पत्नी कलकत्त्यात गेल्या. शेवटची भेट झाली नाही.

पूर्वी मी ते प्रकरण गंमत म्हणून वाचलं होतं. या खेपेला वाचताना दाण्यांपाशी थांबले. ज्या माणसाला आपल्या घरच्या माणसाकडे जाता येत नाही, त्याच्याकडे जे न बोलावता येतं, त्याचं तो काय करणार? आमची दोन्ही मुलं पुण्यात. वर्षातून तीनदा येतात. हे मी कुणाशी बोलले नव्हते.

जुलैतली रात्र. पाऊस लागून राहिलेला, वीज गेलेली. दोनच्या सुमारास दारावर नखं वाजली. भुंकणं नव्हतं. नेहमी कोल्ह्याला, मोटारसायकलला, कशालाही भुंकणारं ते कुत्रं दाराच्या फटीला नाक लावून अगदी बारीक आवाजात कण्हत होतं. तो आवाज मी ओळखला. गोठ्यात गाय खुंट्याभोवती फिरायला लागली होती. हे उठून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी कडी काढली. दार हातभर उघडलं तसं ते भिजलेलं अंग माझ्या पायांतून आत घुसलं आणि थेट माजघरात, पिठाच्या डब्यामागं जाऊन बसलं. मी दार लोटलं, कडी लावली, वरचा अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. माझे पाय कापत होते. सकाळी ओट्याखालच्या चिखलात पंजे उमटलेले होते, माझ्या तळहाताएवढे.

त्या दिवसापासून ते आत झोपतं.

आठवड्यानं त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. रेबीजची लस दिली. पिसाळण्याची लक्षणं एकदा दिसू लागली की माणसाला काय आणि कुत्र्याला काय, वाचवणारं औषध नाही. वस्तीवर लहान मुलं आहेत, म्हणून या एका बाबतीत मी चालढकल केली नसती. कागदावर लिहायला नाव विचारलं. हे गप्प. मी ‘हाड्या’ म्हणाले. मग मालकाचं नाव विचारलं, आणि यांनी माझं नाव सांगितलं.

ऑगस्टात टीव्हीवर भटक्या कुत्र्यांवरून रणं माजली होती. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथंच सोडायची, पिसाळलेली आणि हिंस्र तेवढी वगळून. चावलेल्या लेकरांचे आईबाप रडत होते, कुत्र्यांना जेवू घालणाऱ्या बायाही रडत होत्या, आणि मला दोघांचंही खरं वाटत होतं. २०१९च्या पशुगणनेत देशात दीड कोटीवर भटकी कुत्री मोजली गेली. हाड्या माझ्या पायाशी झोपला होता. भटकं म्हणजे कोणतं? मालक नसलेलं, की मालकापासून हरवलेलं? हा प्रश्न तेव्हा मला नीटसा पडला नव्हता. तो नोव्हेंबरात पडला.

नोव्हेंबरात टोळी आली. तोच मुकादम, तोच पडीक तुकडा. दुपारी मी ओट्यावर तूर निवडत होते. कोप्यांकडून एक आठ-नऊ वर्षांची पोर डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला आली. हाड्यानं मान वर केली. पोरीनं हंडा टाकला आणि ओरडली, “बाळ्या!”

तो ज्या तऱ्हेनं धावला, तसा माझ्याकडे कधी धावला नव्हता.

संध्याकाळी तिची आई आली, पदर सावरत लांब उभी राहिली. मी जे आठ महिने मनात घोकत होते ते बोलायच्या आत तीच बोलली. “गाडी रातीच भरली, बाई. मुकादम थांबू देईना. अंधारात लई हुडकलं. हिनं दोन दिस अन्न घेतलं न्हाई.” पिल्लू टाकलं नव्हतं, हरवलं होतं. उचल घेतलेल्या माणसाच्या हातात ट्रकची वेळ नसते. इतकी वर्षं त्यांच्या मुलांना शाळेत बसवायला मी कोप्यांमधून फिरले आहे, आणि हे मला सुचलं नाही. पिल्लाची दया येण्यासाठी मी त्या बाईला निर्दय ठरवून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, “तुमचा आहे, घेऊन जा.” ती म्हणाली, “न्हाई, आता तुमच्या अंगावर वाढलाय.”

मग पोरीनं विचारलं, “बाई, रातीचं बाळ्याला आत घेता का वो?”

“घेते.”

“कडी लावता?”

“लावते.”

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं.

त्या रात्री कडी लावायला गेले आणि हात तिथंच राहिला. दारातून कोप्या दिसत होत्या. बांबूच्या कमानी, त्यावर ताडपत्री, तोंडाला पोत्याचा पडदा. उसापासून वीस पावलांवर. आत तीन लेकरं. पहाटे चारला आईबाप कोयते घेऊन फडात जाणार आणि ती पोर धाकट्या भावंडांना घेऊन पोत्यामागं झोपणार. कुत्र्याला दार होतं, कडी होती, अडसर होता. आणि त्या पोरीनं तिचं स्वतःचं काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईकडे गेले. ती आधी नको म्हणाली. बैल कोण बघणार, सामान कोण बघणार. मग म्हणाली, पोरं तेवढी येऊ द्या. आता रात्री आठला तिघं गोधड्या घेऊन येतात. धाकटा हाड्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपतो. थोरलीला मी तासभर वाचायला बसवते. चौथीत नाव आहे तिचं, गावाकडच्या शाळेत. बाकीच्या अकरा कोप्यांतली मुलं पडद्यामागंच असतात. ग्रामपंचायतीकडे दोनदा जाऊन आले, मुलांसाठी शाळेची एक खोली रात्री उघडा म्हणून. तिसऱ्यांदा सोमवारी जाणार आहे.

पट्टा पडायला अजून महिना आहे. हाड्या कुणामागं जाईल हे मी विचारत नाही. पोरगी त्याला बाळ्या म्हणते, मी हाड्या म्हणते, तो दोन्हीला येतो. खुंटीवरची साखळी परवा तिनं पाहिली आणि ती कशाची म्हणून विचारलं. मी मोतीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, आणि मी लावलेली कडी नीट बसली आहे का ते स्वतः हात लावून पाहून आली.