घाटाची दुसरी गोष्ट

लोणावळ्याला येणारा माणूस चिक्की घेतो, भुशीच्या धरणावर भिजतो आणि परत जातो. कुरवंड्याला मात्र मुद्दाम यावे लागते. नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’च्या बाजूने रस्ता पुढे येतो तो या गावात, आणि गाव संपते तिथे सह्याद्रीही संपतो. समोर नागफणीचा सुळका. इंग्रजांना त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले, आपल्या लोकांना नागाचा फणा दिसला. ज्याची त्याची दृष्टी. इथून एक वाट खाली कोकणात, चावणीकडे उतरते. तोच कुरवंड्याचा घाट.

या घाटाची गोष्ट गावातले शेंबडे पोरही सांगेल. १६६१ साली शाइस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. खान मोठी फौज घेऊन या घाटाने उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला पुरता कोंडला. शेवटी बरोबरच्या रायबागनने खानाला शहाणपणाचे दोन शब्द सांगितले आणि सगळे तिथेच टाकून तो जीव घेऊन गेला. माझी आत्या या गावात दिलेली. लहानपणी तिच्याकडे गेले की तिचे थोरले दीर ओसरीवर बसून ही गोष्ट सांगत, आणि अशी सांगत की दोन-चार धोंडे त्यांनी स्वतःच वरून लोटले असावेत असे वाटे. आज खिंडीत त्या लढाईचे स्मारक आहे. पुरुषांच्या गोष्टीला साल असते, सरदारांची नावे असतात आणि पुढेमागे दगडी चौथराही मिळतो.

त्याच घाटाची दुसरी एक गोष्ट आमच्या घरात होती, ती मला गेल्या वर्षी कळली. आणि तीही आत्याच्या नातीमुळे.

ही नात पुण्याला कॉलेजात शिकते. तिच्या वर्गाला एक काम दिले होते. प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गाणे किंवा गोष्ट टिपून आणायची आणि त्यावरून चित्र, नाटुकले, जे जमेल ते करून दाखवायचे. पोर हौसेने गावी आली. आजीला खुर्चीवर बसवले, पुढ्यात मोबाइल ठेवला आणि म्हणाली, “हं, आजी, म्हण आता ओवी.” आत्याने पदर सारखा केला, फोटोला बसावे तशी बसली आणि तिला एक अक्षर आठवेना. ऐंशी ओलांडलेली बाई, आयुष्यातली तीसेक वर्षे पहाटे उठून दळलेली. आणि ओठावर एक ओवी येईना! पोरीचा चेहरा उतरला. तेव्हा आत्याच वैतागून म्हणाली, “अगं, जातं न्हाय तर ओवी कुठनं यायची?”

मला हे ऐकून हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांची आठवण झाली. हेमाताई पुण्याच्या, गी फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले. १९८० नंतरच्या वर्षांत मुळशीच्या आणि आसपासच्या डोंगरी गावांत गरीब बायकांच्या संघटनेचे काम करता करता त्यांनी जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकाच वही घेऊन गावोगाव हिंडल्या. एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. गावे हजाराच्या पुढे, गाणाऱ्या बायका तीन हजारांच्या पुढे. बर्नार बेल यांनी पुढे ध्वनिमुद्रणाची बाजू उचलली. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या ओव्या लोकांपुढे आणायला घेतल्या. मुळशीतल्याही आहेत, आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्याही आहेत.

ओव्या आपल्याकडे आधीही जमवल्या गेल्या. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आहे, सरोजिनीबाई बाबर यांनी तर या कामाला जन्म वाहिला. पण बहुतेक जुन्या संग्रहांत ओवी असते आणि बाई नसते. जणू ओव्या पावसाने उगवतात! हेमाताईंच्या माणसांनी ओवीखाली गाणारीचे नाव लिहिले, गाव लिहिले. मला या सगळ्या कामातले हे सर्वांत मोठे वाटते.

असो. आत्याचे जाते मागच्या पडवीत भाताच्या पोत्यांआड होते. गावात पिठाची गिरणी आल्यापासून त्याला फक्त लग्नाकार्यात हळद दळायला बाहेर काढायचे. आम्ही ते ओढून काढले, पुसले. त्याला टाकी लावून किती वर्षे झाली होती देव जाणे. नाचणी दळण्याऐवजी भरडलीच जाणार हे दिसत होते. आत्या एक पाय लांब करून बसली. नात समोर बसली. खुंट्यावर खाली आजीची मूठ, वर नातीची.

पहिल्या दहा फेऱ्यांतच पोरीला घाम फुटला. ती जोर लावी तेव्हा आजी सैल सोडी आणि आजी ओढी तेव्हा ही अडवून धरी. “ढकलू नगं. माझ्याकडं आलं की सोड, तुझ्याकडं आलं की वढ,” आत्या म्हणाली आणि मुठीने वैरण घातली. जाते एकटीलाही ओढता येते. पण जनाबाईच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष पांडुरंगाला यावे लागले, ही कथा बायकांनी इतकी जिवाशी का धरली असेल हे मला त्या पडवीत बसल्यावर कळले. दळणाऱ्या दोघी एकमेकींसमोर बसतात, पण नजर दोघींचीही दगडावर. जे तोंडावर बोलता येत नाही ते दगडाला सांगता येते आणि समोरची आपसूक ऐकते.

हळूहळू घरघर एकसारखी झाली आणि आत्याचा आवाज आला. फाटका, पण सुरात. आधी देवांची नावे, मग पंढरीची वाट, मग भाऊ. मोबाइल उंबऱ्यावर ठेवला होता, त्याची तिला शुद्धही नव्हती. मग घाट आला. घाटाखाली दिलेली लेक आली. पायथ्याच्या आंब्याखाली थांबून वर बघणारी. आणि ओवीच्या शेवटी एक नाव आले.

ते नाव मी ऐकले होते, फार पूर्वी आणि एकदाच. आत्याची थोरली मुलगी. घाटाखाली दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ऐन आषाढात तिचे दिवस भरले, घाट पावसाने बंद, आणि निरोप वर पोहोचला तो चौथ्या दिवशी. त्यानंतर घरात तिचा विषय कोणी काढला नाही. समोर बसलेल्या पोरीला तर आपल्याला अशी कोणी आत्या होती हेच ठाऊक नव्हते.

तिचा हात थांबला. “आजी, ही कोण?”

“दळ,” आत्या म्हणाली.

पोर दळू लागली. आणखी चार ओव्या झाल्या, चारही त्याच लेकीच्या. मग आत्याने आपणच खुंटा सोडला, पिठाचे हात झटकले आणि मोबाइलकडे बोट दाखवून विचारले, “त्यात गेलं का समदं?”

“गेलं. पुसून टाकू का?”

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. लोकांस्नी नगं.”

म्हणून त्या ओव्या मीही इथे देत नाही, आणि ते नावही नाही. आत्ता नुकते मी नाव लिहून ठेवण्याचे कौतुक केले आणि लगेच नाव झाकते आहे, हे मला दिसते. पण नाव द्यायचे की नाही हे गाणारीने ठरवायचे. बाकीचे लिहायला आत्याने हो म्हटले, तेही “दिवाळीच्या अंकात रडगाणं कशापायी?” असे विचारून.

पोरीने वर्गात पंढरीच्या ओव्या ऐकवल्या आणि जात्याचे एक चित्र नेले. चित्रात नुसते दोन हात आणि एक खुंटा. बरे होते. पण पावसाळा सरल्यावर तिने जे केले ते कोणी सांगितलेले नव्हते. बापाला घेऊन ती घाट उतरून गेली. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा मुलगा, बहीण गेली तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. वाटेत कुठे बहिणीने त्याला खांद्यावरून उतरवले, कुठे खाऊ दिला, हे तो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला. पोर ऐकत होती. मोबाइल तिने पिशवीतून काढलाच नाही.

संध्याकाळी दोघे दमून परतले. आत्या चुलीपाशी होती. तिने खालच्या माणसांची चौकशी केली नाही, घराची केली नाही.

“आंबा हाय का?” तिने विचारले.

“आहे, आजी. एक फांदी मोडलीय.”

“डाव्या अंगाची. ती तवाच मोडली व्हती,” आत्या म्हणाली आणि तांदूळ वैरायला वळली.