खादरची माती आणि जिवाणूंची विद्या

दिल्लीतल्या मयूर विहारच्या पश्चिमेला यमुनेचं खादर आहे, म्हणजे पूरमैदान. पुरात नदी वर चढते, ओसरताना गाळ ठेवून जाते, आणि थंडीत चिल्ला खादरच्या त्याच गाळावर पालक, मुळा, मेथी तरारून येतात. ती ओली माती हातात घेतली की मान आपोआप लवते. तिच्यात कोट्यवधी जिवाणू आहेत आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःची जीवनसत्त्वं स्वतः घडवता येतात. आपल्याला ती विद्या फारशी नाही. बी-१२ तर जिवाणू आणि त्यांच्यासारखे आदिम सूक्ष्मजीवच बनवतात. चरणाऱ्या गाईला ते पोटातल्या जिवाणूंकडून मिळतं, आपल्याला तिच्या दुधातून.

मायकोबॅक्टेरियम कुळातले कितीतरी जिवाणू अशा माती-पाण्यात निमूट नांदतात. त्यांचाच एक भाऊबंद माणसाच्या फुप्फुसात राहायला आला. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला, तो हा क्षयाचा जिवाणू. परक्या देहात राहूनही जीवनसत्त्वं घडवणारी विकरं त्याने सोडली नाहीत. त्याचं बळ तिथंच आहे. २००२ साली संशोधकांनी बी-५ बनवणारी दोन जनुकं त्याच्यातून काढली, तर उंदरांमध्ये तो अगदी दुबळा ठरला.

त्याचं आणखी एक विकर आहे, निकोटिनामायडेज. अवघ्या १८६ अमिनो आम्लांची साखळी. पेशीत वापरून झालेलं बी-३ ते पुन्हा कामी आणतं. काहीच वाया जाऊ देत नाही. पायराझिनामाइड हे क्षयावरचं औषध अशा वापरलेल्या बी-३सारखंच दिसतं. कड्यातला एक कार्बन जाऊन तिथे नायट्रोजन आला, एवढाच फरक. विकर त्यालाही आपलं मानून फोडतं आणि त्यातून निघालेलं आम्ल जिवाणूच्या मुळावर येतं. ते आम्ल बी-५ बनवणाऱ्या विकराचाच घात करतं, असं आज बरेच संशोधक मानतात. एका जीवनसत्त्वाच्या वाटेनं शिरून दुसऱ्याची वाट अडवायची! क्षयाचा नऊ महिन्यांचा उपचार सहावर आला, त्यात रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीला पायराझिनामाइडचा मोठा वाटा आहे.

गुरांमधल्या क्षयाचा जिवाणू मात्र त्याला दाद देत नाही. त्याच्या याच विकरात ५७व्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळं आहे, म्हणून औषध फुटतच नाही. हा जिवाणू कच्च्या दुधातूनही माणसात येतो. दूध उकळलं की तो मरतो.