शल्यमामाचं काय चुकलं?

आजरा

चि. ताई,

तुझं पत्र पोचलं. मिटिंगमध्ये साहेबांच्या तक्त्यातली चूक तू सगळ्यांसमोर दाखवलीस, आकडा तुझाच बरोबर निघाला, आणि तेव्हापासून साहेब कामापुरतंच बोलतात. मी काय करू, असं तू विचारलेलं नाहीस. तरी लिहितो, मामा लोकांना ही खोडच असते. कर्णाचा रथ हाकताना त्याला टोचून बोलणारा शल्य, तोही नकुल-सहदेवांचा मामाच.

शल्य अगदीच खोटं बोलत नव्हता. घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण पळाला होता, विराटाच्या गायींपायी अर्जुनानं एकट्यानं सगळ्यांना धूळ चारली होती. पण हे सांगायचं कुठे? ऐन रणात, वर उष्ट्यावर पोसलेल्या कावळ्यानं हंसांशी पैज लावल्याची गोष्ट ऐकवून! शिवाय कर्णाचं अवसान खच्ची करायचा शब्द युधिष्ठिराला आधीच दिलेला. आपल्या आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) सहा जणांना आपापल्या तोंडानं बोलू दिलं, त्यांत शल्य नाही. मला ते योग्यच वाटतं.

न मागता सल्ला कृष्णानंही दिला, ‘तू कुंतीचाच मुलगा, पांडवांकडे ये’ असा. पण शिष्टाई फिसकटल्यावर कर्णाला आपल्या रथात घेऊन, एकट्याला गाठून. कर्णानं ऐकलं नाही. तरी ‘हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस’ अशी गळ त्यानं कृष्णालाच घातली. नकार देऊनही त्याला कृष्णाचा भरवसा वाटला, हे मला मोठं वाटतं.

आता इथलं सांगतो. आपल्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून त्याचा स्वभाव काही बदलला नाही. उंच वाढणारं भात ते. युरिया जास्त झाला की पावसावाऱ्यात आडवं होतं. शेजारच्या पोरानं पहिला हप्ताच सढळ हातानं टाकलेला, दुसरं पोतं खोपीत तयार. आमचे तात्या बांधावर जाऊन बसले. पावसाचं बोलले, म्हशीचं बोलले, तंबाखू मळली. उठता उठता म्हणाले, “काळोखी लई आलीया गड्या. माझंबी एकदा असंच झालतं, गणपतीच्या पावसात समदं लोळलं.” युरियाचं नावसुद्धा काढलं नाही. पोरगं हसलं, “बघतो की.” पोतं मात्र खोपीतच राहिलं. तात्यांनी नंतर त्याची चौकशीही केली नाही. मला ते जमलं नसतं.

पुढचा तक्ता मिटिंगच्या आधी साहेबांच्या टेबलावर ने. ‘ही बेरीज मला जुळेना, जरा बघता का?’ एवढंच म्हण. नाही ऐकलं तर सोडून दे. लोकांच्या पैशाचा प्रश्न असला, तर मात्र कुणाची भीड न धरता चारचौघांत बोल. तिथे तात्यांचा कित्ता गिरवू नकोस.

आईला नमस्कार सांग. नवा तांदूळ आला की पाठवतो.

तुझा,
मामा